पैसे आले नाहीत

सत्ताविसावा रोजा होता. शाळा सकाळची, त्यामुळे जोहरची नमाज झाल्यावर मी जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात आपाचा फोन आला. आधी ती काही बोलेचना. मग म्हणाली, "भाई, वो बाई हमना झूठे बोली."

घरात आम्ही दख्खनी बोलतो. पुढचं सगळं मी मराठीत लिहितो, पण हे एक वाक्य मराठीत आणलं की त्यातलं रडू निघून जातं, म्हणून तसंच ठेवलं.

बाई बार्शीच्या. निवृत्त शिक्षिका. त्यांनी आपाकडून शीरखुर्म्याच्या सामानाचे दोन डबे मागवले होते, १३०० रुपयांचे. त्यांचं म्हणणं, पैसे बँकेतून कापले गेले. आपाचं म्हणणं, पैसे आलेच नाहीत. दोन दिवस फोनाफोनी चालली होती. शेवटी बाईंनी लिहिलं होतं : "तुमचे रोजे चालू आहेत ना? मग खरं बोला."

आपाने मला तो मेसेज वाचून दाखवला आणि म्हणाली, "मी खरंच बोलतेय रे. ऑर्डर नाहीच आलेली."

ती खरं बोलत होती. आणि बाईही खरं बोलत होत्या. हे कसं होऊ शकतं, हे समजायला मला पुढची एक रात्र लागली. पूर्ण समजायला दोन महिने लागले.

दुल्हेभाई गेल्यानंतर आपाने हातशेवयांचं काम सुरू केलं. सोलापुरात शेवया करणाऱ्या बायका कमी नाहीत, पण आपाने एक वेगळी गोष्ट केली. एका डब्यात शेवया, खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते, काजू, खसखस, वेलची, सगळं मोजून भरलं आणि वर कृतीची चिठ्ठी ठेवली. ती चिठ्ठी मी मराठीत लिहून दिली होती. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाचा धंद्याला झालेला तेवढाच उपयोग. पण ती चिठ्ठी चालली. ज्यांच्या घरी शीरखुर्मा होत नाही, ज्यांनी तो फक्त शेजाऱ्यांकडे खाल्ला आहे, असे लोक डबे मागवू लागले.

सुरुवातीला सगळं व्हॉट्सअॅपवर होतं. ग्राहक ऑर्डर लिहायचा, आपाच्या नंबरवर यूपीआयने पैसे टाकायचा आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. यूपीआय देशात २०१६ साली आलं, पण आपाच्या आयुष्यात ते करोनानंतर आलं. आल्यावर मात्र तिने ते असं धरलं की हातात नोटा आल्या तर तिलाच चमत्कारिक वाटायला लागलं. मग एका रमजानात कोणीतरी जुन्याच स्क्रीनशॉटवरची तारीख बदलून पाठवली आणि तिचे दोन डबे फुकट गेले. त्या दिवसापासून तिचा कायदा झाला : खात्यात दिसल्याशिवाय डबा हलणार नाही. स्क्रीनशॉट, बँकेचा एसएमएस, काहीही दाखवा, तिचा विश्वास नाही.

हे आधी सांगितलं, कारण बार्शीच्या बाईंनीही बँकेच्या एसएमएसचा फोटो पाठवला होता. आपाने तो पाहिला आणि तिला आधीचा तो ठग आठवला.

वेबसाइट केली माझ्या भाचीने. तिचं बीसीए झालेलं. तिने दोन महिने बसून दुकान उभं केलं : डब्यांचे फोटो, पिनकोड टाकला की कुरिअरचा खर्च, आणि शेवटी 'पैसे भरा' हे बटण. त्या बटणामागे पेमेंट गेटवे असतो. गेटवे म्हणजे आपलं दुकान आणि ग्राहकाची बँक यांच्यामध्ये बसलेला मुनीम. आपली वेबसाइट त्याला सांगते, अमुक रकमेची ऑर्डर उघड. तो ग्राहकाला पैसे भरायचं पान दाखवतो, ग्राहक यूपीआय किंवा कार्डाने पैसे भरतो, मुनीम ते गोळा करतो, आपलं कमिशन कापून घेतो आणि एक-दोन दिवसांनी उरलेली रक्कम आपल्या खात्यात टाकतो.

यात पहिला धडा गमतीचा होता. चाचणीच्या वेळी भाचीने ६५० रुपयांचा डबा विकत घेतला तर पावती आली साडेसहा रुपयांची. गेटवेला रक्कम पैशांत सांगायची असते, रुपयांत नाही. ६५० रुपये म्हणजे ६५०००. अपूर्णांक आले की संगणक हिशेबात घोळ घालतो, म्हणून रेझरपे, स्ट्राइप असे गेटवे सर्वांत लहान नाण्यात बोलतात. आपा म्हणाली, "बघ, चार आणे आठ आणे बंद झाले म्हणता, कंपूटरमध्ये अजून पैसा चालतोय." हे चाचणीतच निघालं म्हणून आम्ही हसलो.

जे चाचणीत निघालं नाही, ते बार्शीला निघालं.

त्या रात्री तरावीहनंतर मी आपाकडे गेलो. भाचीने लॅपटॉपवर गेटवेचा हिशेब उघडला. मी शंभर पानी वही घेतली. तिच्याकडे गेटवेने घेतलेल्या पैशांची यादी, माझ्याकडे आमच्या वेबसाइटवरच्या पक्क्या ऑर्डरींची यादी. ती रक्कम आणि वेळ वाचायची, मी खूण करायचो. परीक्षेचे मार्क दोघांनी मिळून ताडून पाहतात तसं. पहाटेच्या सहरीपर्यंत हे चाललं.

गेटवेकडे १४३ व्यवहार होते. आमच्याकडे १३२ ऑर्डरी.

अकरा माणसांनी पैसे भरले होते आणि आम्हाला त्यांचा पत्ताच नव्हता. म्हणजे पत्ता होता, अर्धवट ऑर्डरींच्या ढिगात, 'पैसे बाकी' असा शिक्का मारून. त्या अकरांत बार्शीच्या बाई होत्या. रात्री ९ वाजून ४७ मिनिटं, १३०० रुपये, जमा. एसएमएसच्या फोटोत होतं तेच.

आपाने ती ओळ पाहिली आणि लॅपटॉपपासून उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. नंतर बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "मी तिला सांगितलं होतं, पाच दिवसांत आपोआप परत येतील."

आता ही पाच दिवसांची गोष्ट काय आहे ते सांगतो, कारण आपल्यापैकी अनेक जण ती दुसऱ्यांना सांगत असतात. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना ग्राहकाच्या खात्यातून रक्कम कापली गेली, पण दुकानदाराकडे पैसे मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम चांगला आहे. पण तो बँकेच्या साखळीत अडकलेल्या पैशासाठी आहे. बाईंचा पैसा कुठे अडकलाच नव्हता. बँकेने आपलं काम केलं, गेटवेने केलं, पैसे आमच्या नावावर जमा झाले. ते परत जाणारच नव्हते. पाच दिवस सोडा, पाच वर्षं वाट पाहिली असती तरी नाही. बाई वाट पाहत राहिल्या असत्या आणि पैसे आमच्याकडे पडून राहिले असते. नियम सांगून आम्हीच त्यांना फसवलं असतं, तेही साळसूद आवाजात.

मग चूक कुठे होती? भाचीने मला दोनदा सांगितलं, माझ्या डोक्यात शिरलं नाही. बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. म्हणून मी तिला म्हटलं, थांब, मला मनीऑर्डरवरून समजून घेऊ दे.

मी परगावी शिकत असताना अब्बा मनीऑर्डर पाठवायचे. पोस्टमन पैसे द्यायचा आणि फॉर्मवर सही घ्यायचा. त्या फॉर्मचा एक तुकडा, पोचपावती, अब्बांकडे परत जायचा. अब्बा ते तुकडे एका तारेत ओवून ठेवायचे. समजा, पोचपावतीची पद्धतच नसती. मी गावाकडे निघालेल्या एखाद्या मित्राला सांगितलं असतं, "अब्बांना सांग पैसे मिळाले." मित्र बहुतेक वेळा सांगेलही. पण त्याची बस चुकेल, तो वाटेत लग्नाला थांबेल, विसरेल. पैसे मला मिळालेले असतील, पण अब्बांच्या हिशेबात ते हरवलेले.

आमची वेबसाइट मित्राच्या भरवशावर चालली होती. ग्राहक पैसे भरतो, मग त्याचा ब्राउझर आमच्या पानावर परत येतो आणि सांगतो, "झालं." तो परत आला तरच भाचीचा प्रोग्राम ऑर्डर पक्की करायचा. लॅपटॉपवर तो दर वेळी परत यायचा. पण बाईंचा फोन जुना. यूपीआयचं अॅप उघडलं की मागे उघडा असलेला ब्राउझर जागा करून देण्यासाठी बंद व्हायचा. कधी रेंज जाते. कधी माणूस अॅपमध्येच हिरवी खूण पाहतो, समाधानाने फोन खिशात घालतो आणि परत आमच्या पानावर येतच नाही. त्याने का यावं? त्याच्या लेखी व्यवहार संपला. भाची म्हणाली, "मामू, मी लॅपटॉपवर टेस्ट केलं. लोक फोनवर घेतात."

यावर उपाय आहे आणि तो गेटवेने पहिल्या दिवसापासून देऊ केला होता. ग्राहकाचा फोन काहीही करो, गेटवेचा सर्व्हर थेट आमच्या सर्व्हरला कळवतो की अमुक ऑर्डरीचे पैसे जमा झाले. ही पोचपावती. हिला वेबहूक म्हणतात. जेफ लिंडसे नावाच्या प्रोग्रामरने २००७ मध्ये हा शब्द रूढ केला. आम्हाला फक्त एक पत्ता द्यायचा होता, की पोचपावती इथे टाका. भाचीने तो रकाना रिकामा सोडला होता. "नंतर करू म्हटलं," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. पाठ्यपुस्तकातलं शेवटचं प्रकरण मीही दर वर्षी नंतर करू म्हणतो.

अकरांपैकी दोन व्यवहार निराळे होते. त्यांच्यापुढे 'जमा' असं नव्हतं, नुसतं 'मंजूर' होतं. ग्राहकाच्या बाजूने पैसे निघाले, पण दुकानदाराने "घेतले" असं सांगितलं नाही, तर गेटवे ते ठरलेल्या मुदतीनंतर परत पाठवतो. भाची हे समजावत असताना आपा मागून म्हणाली, "म्हणजे ईजाब झाला, कबूल राहिला." मला हसू आलं, पण यापेक्षा नेमकं कोणी सांगू शकलं नसतं. ते दोघे वाचले, त्यांचे पैसे परत जाणार होते. राहिले नऊ. त्यातल्या तिघांनी फोन केले होते आणि तिघांनाही आपाने तेच उत्तर दिलं होतं. उरलेल्या सहा जणांनी विचारलंच नव्हतं. साडेसहाशे रुपये गेले तर गेले, कोण भांडत बसणार, असं त्यांना वाटलं असेल. मला आजही बाईंच्या मेसेजपेक्षा या सहा जणांचं गप्प बसणं जास्त टोचतं. त्यांनी मनात काय म्हटलं असेल? पुन्हा कुठल्या दुकानाबद्दल, कुठल्या नावाच्या माणसाबद्दल त्यांनी काय ठरवलं असेल? आपलं आडनाव पाहून आधीच दोनदा विचार करणारे लोक असतात, हे मी इथे नव्याने सांगायला नको.

सकाळी भाची सगळ्यांना माफीचा मेसेज पाठवायला बसली. आपाने फोन हातातून घेतला. म्हणाली, मी बोलणार. नऊ फोन तिने स्वतः केले, रोज्यात, घसा कोरडा पडलेला. बार्शीचा शेवटी केला. मी शेजारी होतो. पलीकडून बाई म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी नव्हते ना?" आपा म्हणाली, "नाही बाई. मी चुकले." पुढे दोघींपैकी कोणीच बराच वेळ बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, "आता डबा नको. ईद परवावर आली. कुरिअर कुठला पोचतो?"

मी दुपारच्या एसटीने बार्शीला गेलो. दोन डबे मांडीवर.

बाईंनी दार उघडलं, पाणी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "अहो, रोजा असेल तुमचा." मी डबे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. आधी चष्मा लावला, फोन काढला आणि बँकेचा तो एसएमएस माझ्यासमोर धरला. "आधी हे बघा," म्हणाल्या. मी पाहिला. रक्कम वाचली, वेळ वाचली, मोठ्याने. मग त्यांनी डबे घेतले. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्या शिक्षकाची ही सवय कळते. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवायच्या असतात.

पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी एक मुस्लिम कुटुंब होतं, ते पुण्याला गेलं. ईदेला डबा यायचा तो बंद झाला. नातवंडांना त्या वासाची आठवण राहावी म्हणून या वर्षी आपणच करून बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "पण तुमच्या यंत्राला माझे पैसे दिसले कसे नाहीत?" मी त्यांना मनीऑर्डरची गोष्ट सांगितली. त्या ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या, "म्हणजे पोस्टमन तयार होता, तुम्ही घराला नंबरच लावला नव्हता." वर्गात असा विद्यार्थी मिळाला तर तास लवकर संपतो.

निघताना त्या रोज्याबद्दलच्या वाक्याविषयी काहीतरी बोलायला लागल्या. मी म्हटलं, बाई, राहू द्या. त्या थांबल्या. त्या वाक्यामागे काय होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित नुसता राग. कदाचित उलटच, की रोजा ठेवणारा माणूस खोटं बोलणार नाही असा शेवटचा भरवसा.

ईद झाली. मग भाची कामाला लागली आणि मी रोज संध्याकाळी तिच्याकडे शिकायला जाऊ लागलो. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. पण कोणी मला समजावून सांगत असलं की त्याला स्वतःला चांगलं समजतं, हा माझ्या पेशातला अनुभव आहे.

पहिल्याच दिवशी तिने मला एक गंमत दाखवली. वेबहूकचा पत्ता तयार केला, आणि गेटवेऐवजी स्वतःच्या लॅपटॉपवरून त्या पत्त्यावर एक खोटी पोचपावती टाकली : ६५० रुपये जमा. स्वयंपाकघरात आपाचा फोन वाजला. "नवी ऑर्डर आली गं!" आतून आनंदी आवाज आला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. स्क्रीनशॉटचा ठग मागच्या दाराने घरात आला होता, आणि आता तर आपाच्या डोळ्यांनाही चुकवून.

म्हणून सही लागते. आमच्यात आणि गेटवेत एक गुप्त शब्द ठरवलेला असतो. गेटवे पोचपावतीचा मजकूर आणि तो गुप्त शब्द एकत्र घुसळून त्यातून ६४ अक्षरांची एक खूण काढतो आणि पावतीसोबत पाठवतो. गुप्त शब्द कधीच पाठवत नाही. आम्ही आमच्याकडे तीच घुसळण करायची. खूण जुळली तर पावती खरी. या पद्धतीला एचमॅक म्हणतात. मिहिर बेल्लारे, रॅन कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक या तिघांनी ती १९९६ मध्ये मांडली. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी खूण बदलते.

आणि त्यातच भाचीचे दीड दिवस गेले. गुप्त शब्द बरोबर, मजकूर बरोबर, तरी खूण जुळेना. चाचणीचा आणि खऱ्या व्यवहाराचा गुप्त शब्द वेगळा असतो, तिथे गडबड असेल असं तिला आधी वाटलं. तिथे नव्हती. शेवटी निघालं ते असं : तिचा प्रोग्राम आलेला मजकूर आधी उघडून नीटनेटका करत होता, मग त्याची खूण काढत होता. नीटनेटका करताना कुठेतरी एखादी मोकळी जागा गळत होती. मजकूर जसा आला तसा, हात न लावता, तपासायचा असतो. मी तिला म्हटलं, उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यात फक्त नुक्त्याच्या जागेचा फरक आहे, हे तुला मी चौथीत शिकवलं होतं. ती म्हणाली, "मामू, तेव्हा पण तुम्ही मारलं होतं." मारलं नव्हतं. ओरडलो असेन.

मग पोचपावत्या नियमित येऊ लागल्या, पण सगळ्या नाही. आमची वेबसाइट फुकटच्या होस्टिंगवर होती. काही वेळ कोणी आलं नाही की तो सर्व्हर झोपी जातो आणि उठायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. गेटवे ५ सेकंद थांबतो. तेवढ्यात "मिळाली" असं उत्तर गेलं नाही तर तो पावती पोचली नाही असं धरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. आमचा गेटवे २४ तास असे प्रयत्न करतो, स्ट्राइप तीन दिवसांपर्यंत करतो. पोस्टमनपेक्षा चिकाटीचा, पण दारात उभं राहायची सवय नाही. भाचीने दोन गोष्टी केल्या. होस्टिंग विकतचं घेतलं, त्यावर आपा म्हणाली, महिन्याला एक डबा त्यात जातो. आणि प्रोग्रामचा क्रम बदलला : पावती आली की सही तपासायची, वहीत टिपायची, लगेच "मिळाली" म्हणायचं, आणि मेसेज पाठवणं, कुरिअरला कळवणं ही बाकीची कामं मागाहून.

बकरीद जवळ आली. आता डब्यात बिर्याणीचा आणि कबाबचा मसाला होता. नांदेडहून एका गृहस्थांचा फोन आला, "मी एक पार्सल मागवलं होतं, दोन आली." आपाला आधी वाटलं, देव माणूस आहे. मग कळलं की असे देव माणूस चार निघाले, आणि फोन न केलेले किती ते अल्लाहला ठाऊक. पोचपावती दोनदा आली होती. पहिल्या वेळी आमचं उत्तर वाटेत हरवलं, म्हणून गेटवेने तीच पुन्हा टाकली, आणि आमच्या प्रोग्रामने तिला नवी समजून दुसरं पार्सल काढलं. हा दोष नाही, पद्धतच आहे. हरवण्यापेक्षा दोनदा सांगितलेलं बरं. प्रत्येक पावतीवर एक क्रमांक असतो. तो आधी वहीत आहे का, हे बघून मगच हात हलवायचा असतो. हजेरी घेताना एकाच मुलाने दोनदा "हाजिर" म्हटलं म्हणून आपण पटावर दोन मुलं लावत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पावत्या क्रमाने येतीलच असं नाही. एका ताईंचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा पैसे गेले. 'जमा'ची पावती आधी आली, 'फसला'ची नंतर, आणि आमच्या प्रोग्रामने पक्की झालेली ऑर्डर खोडून टाकली. आता एकदा जमा झालेलं नुसत्या उशिरा आलेल्या नकाराने खोडलं जात नाही.

या सगळ्या काळात आपा एक गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती. सूरह बकरातली २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, नमाजेबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लहान असो, मोठा असो, लिहायचा कंटाळा करू नका. मी ती शेकडो वेळा पढलो असेन. पण त्याच आयतीत एक सवलत आहे, इकडून माल तिकडून पैसे असा हातोहात सौदा असेल तर न लिहिण्यात गुन्हा नाही, आणि त्या सवलतीकडे माझं लक्ष याच वर्षी गेलं. आपण यूपीआयच्या व्यवहाराला हातोहात सौदा समजतो, कारण पैसा क्षणात जातो. पण डबा चार दिवसांनी जातो. ते चार दिवस आपा त्या ग्राहकाची देणेकरी असते. आणि आमच्या वहीत नऊ जणांचं देणं लिहिलेलंच नव्हतं. हा माझा अर्थ आहे, मी आलिम नाही. कोणाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहावं.

भाचीने आता रोज रात्री ११ वाजता चालणारा एक छोटा प्रोग्राम लावला आहे. तो गेटवेची यादी आणि आमची यादी जुळवतो आणि फरक असेल तर तिघांच्याही फोनवर पाठवतो. वेबहूक असूनही हे लागतंच, असं ती म्हणते, कारण सर्व्हर एखादा दिवस बंद पडू शकतो. आपाचा त्यावरही पूर्ण विश्वास नाही. ती मी आणलेल्या त्या शंभर पानी वहीत रोज दोन आकडे लिहिते, तिकडचा आणि इकडचा. गेल्या मंगळवारी एकाचा फरक आला. सोलापुरातल्याच एका मुलाचे पैसे जमा होते आणि ऑर्डर नव्हती. त्याने फोन करायच्या आधी आपाने त्याला फोन केला. त्याला वाटलं, हा काहीतरी फसवणुकीचा कॉल आहे. त्याने कापला.

तिने तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.